पक्षाघातानंतर पुन्हा चालणं – रोबोट, ट्रेडमिल की घरचा व्यायाम?

गंगावेसकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या आणि बाहेरच्याही जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्या बाबांना (वय ६८) दोनेक महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवं अंग लुळं पडलं. बोलणं बऱ्यापैकी परत आलंय. हात अजून साथ देत नाही, पाय मात्र थोडा थोडा उचलायला लागलाय. वॉकर धरून, मागून एकानं कमरेला धरलं की सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत जातात. उंबऱ्याशी आलं की उजवा चवडा अडकतो, आणि वजन टाकलं की गुडघा मागं झटकतो. घरी येणाऱ्या फिजिओंनी परवा दारासमोरच्या बोळात खडूनं १० मीटर आखले आणि घड्याळ लावलं. ४० सेकंद लागले.

आता घरात प्रत्येकाचं मत वेगळं. पुण्याचे मामा म्हणतात, तिकडे रोबोटवर चालवतात, महिनाभर घेऊन या. धाकट्या भावानं इथंच शहरात एक ठिकाण बघितलंय, तिथं पट्ट्यांनी अंग उचलून धरून ट्रेडमिलवर चालवतात. आईला वाटतं घरी फिजिओ येतात तेच बरं चाललंय. आत्याचा जोर तेलाच्या मालिशीवर.

बाबा उद्यमनगरात टर्नर होते, सगळी उमेद लेथसमोर उभं राहण्यात गेली. बसून राहणं त्यांना सोसत नाही, दिवसातून दहादा विचारतात, "मी चालणार कधी?" रोबोटसाठी पैसे उभे करायचे तर एफडी मोडावी लागेल. मोडायलाही हरकत नाही, पण त्यातून बाबांच्या चालण्यात खरंच जास्त फरक पडणार आहे का, हे आधी समजून घ्यायचंय. कुणी दोन्ही-तिन्ही प्रकार बघितलेत का? अभ्यास काय सांगतात?

पावलोपावली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूविकाराच्या रुग्णांबरोबरच काम करते. बाबांना बघितल्याशिवाय त्यांच्यासाठी नेमकं काय करा हे सांगणार नाही, ते तुमच्या फिजिओंनी आणि न्यूरोच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण तुलनेबद्दल विचारलंय, त्यावर सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत विचारला गेला होता. तिचं नाव 'लीप्स'. पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली. झटका येऊन गेलेले ४०८ लोक घेतले, एका माणसाच्या आधारानं निदान ३ मीटर चालू शकणारे. म्हणजे तुमच्या बाबांसारखेच. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला झटक्यानंतर २ महिन्यांनी पट्ट्यांच्या आधारानं ट्रेडमिल सुरू केली. दुसऱ्याला तेच, पण ६ महिन्यांनी. तिसऱ्या गटाकडे २ महिन्यांनी फिजिओ घरी जायचे आणि ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घ्यायचे. हा तिसरा गट खरं तर तुलनेपुरता ठेवलेला होता, बाजी ट्रेडमिल मारेल अशी अपेक्षा होती.

वर्ष संपताना मोजलं तेव्हा सगळ्यांतले मिळून ५२ टक्के लोक चालण्यात एक पायरी वर चढले होते, आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. घरचा व्यायाम ट्रेडमिलच्या तोडीस तोड निघाला.

'पायरी' म्हणजे काय, तेही सांगते, कारण तुमच्या ४० सेकंदांचा अर्थ त्यात आहे. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस साधारण घरापुरतं चालतो. ०.४ ते ०.८ म्हणजे दारापुढं, गल्लीत, बेतानं बाहेर. ०.८ च्या वर गेला की बाजार, रस्ता ओलांडणं वगैरे जमू लागतं. बाबा आत्ता ०.२५ वर आहेत. तेच १० मीटर २५ सेकंदांत आले की ते पहिली हद्द ओलांडतील. सध्या डोळ्यांसमोर तेवढंच ठेवा. आणि तुमच्या फिजिओंनी खडूनं आखून मोजलं, याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. फार थोडे जण मोजतात.

एक गैरसमज होऊ नये. त्या चाचणीतला 'घरचा व्यायाम' म्हणजे पलंगावर पडून पाय वर-खाली करणं नव्हे. ट्रेडमिलवाल्यांना जितकी सत्रं, तितकीच यांनाही. प्रत्येकी ३६, दर वेळी ९० मिनिटं, १२ ते १६ आठवड्यांत. खुर्चीतून उठणं-बसणं, एका पायावर वजन तोलणं, पायरी चढणं, हे सगळं हळूहळू अवघड करत न्यायचं, आणि वर रोज चाला म्हणून मागं लागायचं. आपल्याकडं फिजिओ येतात, वीस मिनिटं सांधे हलवतात, करंट लावतात आणि जातात. याला तो निष्कर्ष लागू करता येणार नाही.

राजारामपुरीतली

माझा अनुभव रोबोटचा आहे, आईचा.

तिची अवस्था तुमच्या बाबांपेक्षा बरीच वाईट होती. बसवलं तर एका बाजूला कलंडायची. दोघांनी काखेत धरून उभं केलं तरी पाय खाली दुमडायचे. तिला घेऊन दुसऱ्या शहरात राहिलो, माझ्या मावसभावाकडे.

ते यंत्र असं असतं: छाती-कमरेला पट्टे, मांड्यांमधून पट्टे, वरून दोरीनं अंग उचललेलं, आणि दोन्ही पायांना बाहेरून धातूचे पाय जखडलेले. खाली ट्रेडमिल. यंत्र पाय उचलतं, पुढं नेतं, ठेवतं. समोर पडद्यावर तिचा जोर किती लागतोय ते दिसायचं. पहिल्या दिवशी आई त्यात उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी कधी विसरणार नाही. झटक्यानंतर प्रथमच ती सगळ्यांकडे उभ्यानं बघत होती.

पण तिथं बसून बसून एक गोष्ट लक्षात आली. आई थकली की अंग सोडून द्यायची, आणि यंत्र तिला तसंच चालवत राहायचं. पडद्यावरची रेघ खाली जायची, पावलं मात्र पडतच असायची. तिथली एक फिजिओ मुलगी फार चांगली होती, ती लगेच यंत्राची मदत कमी करायची आणि ओरडायची, "काकू, तुम्ही चाला, त्याला चालू देऊ नका!" दुसरा एक जण मोबाइल बघत बसायचा. यंत्र तेच, पण त्या दोघांच्या हाताखाली आईचा दिवस सारखा जात नव्हता.

आईला फायदा झाला का? झाला. उभं राहण्याचा सराव झाला, भीती गेली, पायांत जोर आला. पण खोलीतून संडासापर्यंत स्वतः जायला ती शिकली ती व्हरांड्यात, माणसाचा हात धरून. आणि केंद्रानं पुढच्या महिन्याचं पॅकेज गळ्यात मारायचा जो आग्रह केला, तो मला पटला नाही. तोवर ती काठीवर चालायला लागली होती, मग यंत्रात कशाला?

पावलोपावली

राजारामपुरीतली, तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंत तेच अभ्यासांतही दिसतं.

जर्मनीतल्या मेहरहोल्त्झ आणि सहकाऱ्यांनी यांत्रिक चालण्याच्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा (सगळ्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) घेतलाय, तो वेळोवेळी नवा होत असतो. त्यातून निघतं ते असं की नेहमीच्या फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली तर आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि सर्वांत जास्त फायदा झटक्यानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत, ज्यांना मुळीच चालता येत नाही अशांना होतो. कारण समजण्यासारखं आहे. अशा माणसाला हातांनी धरून चालवायला दोन-तीन जण लागतात आणि तेही चार पावलांत दमतात. यंत्र दमत नाही.

उलट, जो माणूस कसाबसा का होईना पण चालतोय, त्याला यंत्रानं पाय हलवून दिले तर त्याचा स्वतःचा प्रयत्न कमी होतो. २००८ साली हॉर्नबी यांच्या गटानं झटक्याला ६ महिने उलटून गेलेल्या, चालू शकणाऱ्या रुग्णांत रोबोट आणि फिजिओचा हात यांची तुलना केली होती. रोबोटपेक्षा फिजिओनं गरजेपुरता हात देऊन ट्रेडमिलवर चालवलेल्यांचा वेग जास्त सुधारला.

म्हणून मी रोबोट चांगला की वाईट असं सांगत नाही. आधी हे बघा की माणूस आज स्वतःच्या पायावर किती पावलं टाकू शकतो. शून्य असेल तर यंत्राचा खर्च सार्थकी लागू शकतो. बाबा वॉकरवर स्वयंपाकघरापर्यंत जातात. त्यांच्यासाठी एफडी मोडून पुण्याला जावं, असं मला वाटत नाही.

पैलवानगडी

मालिशीवर बोलतो, कारण आमच्या तालमीत वस्तादांना असाच झटका आला होता आणि त्यांना मालिशवाल्यांची कमी नव्हती. अंग रगडल्यावर बरं वाटतं, झोप लागते, हे खरं. पण नुसती मालिश करून पैलवान होत नाही, जोर-बैठका मारायलाच लागतात. वस्ताद स्वतः हेच म्हणायचे आणि खुर्ची धरून उठ-बस करायचे. कुणीतरी कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगत आलं होतं, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

वॉर्ड_सिस्टर

मालिशीबद्दल एक पोटतिडकीनं सांगते. लुळा हात धरून, खांद्यातून ओढून मालिश करू देऊ नका. लुळ्या खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे खांदा खाली सरकलेला असतो. ओढाओढीत तो इतका दुखायला लागतो की रुग्ण त्या दुखण्यापायी चालायचंच टाळतो. उठवतानाही काखेत हात घालून उचलू नका. कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा. आणि मागून धरण्यापेक्षा दुबळ्या बाजूला, जरा मागं, असे उभे राहा. माणूस बहुतेक त्याच बाजूला जातो.

"पहिल्याच दिवशी चालवा, तितका लवकर बरा होईल" असंही नातेवाईक म्हणतात. 'अव्हर्ट' नावाच्या चाचणीत २,१०४ रुग्णांवर हे तपासलं, २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलं. २४ तासांच्या आत खूप वेळा, जास्त वेळ उठवलेल्यांचा निकाल ३ महिन्यांनी उलट थोडा कमी चांगला होता. त्यांच्यातले ४६ टक्के चांगले सावरले, नेहमीच्या पद्धतीनं उपचार झालेल्यांतले ५० टक्के. तुमच्या बाबांचा तो टप्पा मागं पडलाय, पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं.

आणि चालताना अचानक तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, नव्यानं हातपाय गळाले तर व्यायाम जास्त झाला असं समजून झोपवून ठेवू नका. लगेच १०८. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

महाद्वार_ते_रंकाळा

मी स्वतः या वाटेनं गेलोय, म्हणून जरा लांब लिहितो. वय ५४, डावी बाजू. झटक्याला आता तीनेक वर्षं होत आली. आज काठीशिवाय चालतो, लंगडतो, पण चालतो.

बाबांचा चवडा अडकतो म्हणालात. तो अडकतो कारण पाऊल वर उचलणारा स्नायू काम करत नाही, पाऊल लोंबतं. मग माणूस कंबर वर उचलून पाय बाहेरून गोल फिरवत आणतो. त्यात इतकी ताकद जाते की दहा पावलांत धाप लागते. मला डॉक्टरांनी प्लॅस्टिकची पट्टी दिली, ए.एफ.ओ. म्हणतात तिला. पोटरीच्या मागून खाली तळव्यापर्यंत येते आणि पाऊल काटकोनात धरते. ती घातल्याच्या पहिल्याच दिवशी उंबरा ओलांडला. तुमच्या फिजिओंना नक्की विचारा. गुडघा मागं झटकतो, त्यावरही पट्टीचा कोन थोडा बदलून उपाय करता येतो, माझा केला होता.

पण पट्टी घालायची तर बंद बूट पाहिजे. आणि इथं आपल्या कोल्हापूरकरांची अडचण होते. जन्मभर पायात कोल्हापुरी. मागं पट्टा नाही, तळवा गुळगुळीत, आणि ती पायात राहते ती बोटांनी धरून ठेवल्यामुळं. ज्या पायाची बोटंच हलत नाहीत त्याला ती धरता येत नाही, पुढच्या पावलाला निसटते नाहीतर आडवी होते. मला फार जड गेलं ते. पायताण कोपऱ्यात ठेवून एक नंबर मोठा, वेलक्रोचा बूट घेतला. जाड मोजे घाला आणि रोज रात्री पट्टी काढल्यावर पोटरी, घोटा बघा. पायाला नीट जाणवत नसतं, त्यामुळे कातडी सोलली तरी कळत नाही.

करंटनं पाऊल उचलणारं यंत्रही मी एका शिबिरात वापरून बघितलं. गुडघ्याखाली पट्टा, टाचेखाली बटण. टाच उचलली की नसेला हलका झटका बसतो आणि पाऊल आपोआप वर. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पण किंमत परवडणारी नव्हती. नंतर वाचलं की वेगाच्या बाबतीत ते यंत्र आणि साधी पट्टी यांत चाचण्यांना फारसा फरक दिसलेला नाही. मग मनातली रुखरुख गेली.

आता माझा सगळ्यात आवडता उपाय. पुतण्या हलगी वाजवतो. झटक्यानंतर माझी दोन पावलं सारखी पडत नव्हती, चांगला पाय घाईनं टेकायचा आणि दुबळा रेंगाळायचा. फिजिओ म्हणाल्या, ठरावीक ठेक्यावर चाला, मोबाइलवर टिकटिक लावा. पुतण्या म्हणाला, टिकटिक कशाला, मी आहे की. गच्चीवर तो संथ ठेका धरायचा आणि मी त्यावर पाऊल टाकायचो. ठेका जरासा वाढवायचा, मी धरायचो. आवाजावर पाऊल टाकायची ही पद्धत जगभर वापरतात, पाऊल लांब पडतं आणि वेगही वाढतो असं अनेक अभ्यासांत दिसलंय. माझ्या पायाला हलगी मानवली.

बाहेरचं चालणं शेवटी शिकलो. रंकाळ्यावर पहाटे, एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत. बसायला जागा दिसली की भीती कमी होते. महाद्वार रोड मात्र फार उशिरा. तिथं चालता चालता गाडेवाल्याला चुकवायचं, ओळखीच्याला "काय, बरं हाय का" म्हणायचं, आणि त्याच वेळी पायाकडं लक्ष. घरात सरळ चालणारा माणूस तिथं गडबडतो. त्याचाही सराव वेगळा करावा लागतो, चालता चालता बोलायचा, हातात पिशवी घेऊन चालायचा.

भुदरगडकर

आमी गारगोटीच्याबी आत ऱ्हातो. आज्जीला झटका आला त्याला चार-पाच महिनं झालं. दवाखान्यातनं सोडताना एक कागद दिला, त्यावर व्यायामाची चित्रं. फिजिओ इकडं कोण येत न्हाई, कोल्हापूरला न्यायचं तर गाडी करावी लागती. मग मीच रोज करून घेतो. आज्जी आता काठी धरून परड्यातनं गोठ्यापर्यंत चालाल्या. घरच्यांनीच केलं तर चालतंय का? का त्यात काय धोका हाय?

पावलोपावली

भुदरगडकर, तुम्ही जे करताय ते थांबवू नका.

नेमका हाच प्रश्न आपल्या देशात तपासला गेलाय. 'अटेंड' नावाची चाचणी, भारतातली १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आली. घरातल्या एकाला रुग्णालयातच शिकवायचं आणि पुढं त्यानं घरी व्यायाम करून घ्यायचे. ६ महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्हीकडं ४७ टक्के. शिकवलेल्या कुटुंबांत आणि न शिकवलेल्यांत फरक नाही.

हे वाचून काही जण म्हणतात, घरच्यांनी करण्यात अर्थ नाही. मला तसं वाटत नाही. तुलनेच्या गटातली घरंही हातावर हात ठेवून बसली नव्हती, त्यांनाही नेहमीचे उपचार मिळतच होते. मला त्यातून एवढंच दिसतं की एकदा शिकवून सोडून दिलं तर पुरत नाही. व्यायाम दर काही आठवड्यांनी अवघड करत न्यावा लागतो, आणि काय अवघड करायचं हे बघणारं जाणतं माणूस लागतं. 'लीप्स'मधला घरचा व्यायाम चालला, कारण फिजिओ परत परत जात होते.

तेव्हा असं करा. महिन्यातून एकदा का होईना, आज्जींना कोल्हापूरच्या सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयाच्या) फिजिओथेरपी विभागात दाखवा. मधल्या काळात त्यांच्या चालण्याचा आणि खुर्चीतून उठण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, तो तिथं दाखवा आणि पुढच्या महिन्याचं लिहून घ्या. गोठ्यापर्यंत जातात म्हणजे ओबडधोबड जमिनीवर चालतात, हे फार चांगलं आहे. आता तोच रस्ता थोडा वेगानं. अंतर वाढवायच्या आधी वेग वाढवून बघा, तुम्ही शेजारी असताना.

महाद्वार_ते_रंकाळा

माझा एक प्रश्न. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की ६ महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढं काही होत नाही. माझं तर दुसऱ्या वर्षातही वाढत होतं. हे मलाच झालं का?

पावलोपावली

नाही, आणि हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. 'लीप्स'मधला ६ महिन्यांनी ट्रेडमिल सुरू केलेला गट आठवा. ६ महिन्यांच्या टप्प्यावर त्यांचा वेग बाकीच्या दोन गटांच्या जवळपास निम्म्यानंच वाढला होता. नंतर त्यांना सराव मिळाला आणि वर्षाअखेर ते बरोबरीला आले. पहिले महिने महत्त्वाचे आहेतच, पण ६ महिन्यांनी दार बंद होत नाही. "आता काही होणार नाही" हे वाक्य ऐकून किती जणांनी चालणं सोडलं असेल याचा विचार केला की मला त्रास होतो.

६ महिन्यांच्या पुढच्या, चालू शकणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वेग आणि अंतर वाढवायला पहिली शिफारस आहे ती दमवणाऱ्या चालण्याची: नाडी कमाल ठोक्यांच्या ७० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाईल असं चालणं. आणि याच कामासाठी, म्हणजे जे आधीच चालतात त्यांचा वेग वाढवण्यासाठी, रोबोट आणि पट्ट्यांची ट्रेडमिल वापरू नये असं त्यात लिहिलंय. नुसतं उभं राहून वजन इकडून तिकडं टाकत बसण्याबद्दलही तेच.

पण दमवायचं ते डॉक्टरांची परवानगी घेऊन, बीपी बघून. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ठोके मोजून अंदाज चुकतो, तेव्हा दम किती लागतोय यावर जायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम.

आणि पावलं मोजा. कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिका-कॅनडातली फिजिओथेरपीची सत्रं बसून मोजली होती. चालण्यावर भर असलेल्या सत्रातही सरासरी ३५७ पावलं पडत होती. निरोगी माणूस दिवसाला काही हजार पावलं चालतो. केंद्र निवडताना यंत्राचं नाव विचारण्यापेक्षा, "तुमच्याकडं एका सत्रात रुग्ण स्वतः किती पावलं टाकतो?" हे विचारा.

गंगावेसकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना आणि आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बाबांनी हलगीचा भाग दोनदा वाचायला लावला.

त्यांना विचारलं, नेमकं कुठं चालत जायचंय? म्हणाले, उद्यमनगरात. जुन्या शेडमध्ये जाऊन बसायचंय, मशीनचा आवाज ऐकायचाय. तिथं दारात दोन पायऱ्या आहेत, कठडा नाही. तेव्हा फिजिओंना आता तेच सांगितलंय, त्या दोन पायऱ्या धरून व्यायाम आखा.

पुण्याला जात नाही. एफडी मोडली तर थोडीच मोडू, आणि ती फिजिओंची सत्रं वाढवायला, आठवड्यातून तीनदा, पूर्ण वेळ. ए.एफ.ओ.साठी गुरुवारी दाखवायला नेतोय. मामांना 'लीप्स'बद्दल समजावून सांगितलं, ते जरा नाराज आहेत. इथल्या ट्रेडमिलचं मात्र अजून मनात आहे. पावलोपावली ताई, जोडीला ती केली तर नुकसान काही आहे का?

पावलोपावली

नुकसान असं नाही, येण्याजाण्यात दमून घरचं चालणं बुडणार नसेल तर. एक लक्षात ठेवा: 'लीप्स'मध्ये निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात एकदा तरी पडले होते, आणि ज्यांचा वेग ०.४ च्या खाली होता त्यांच्यातले लवकर ट्रेडमिलवर गेलेले जास्त वेळा पडले. पट्ट्यांत तोल सांभाळावाच लागत नाही, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं. म्हणून ट्रेडमिल केलीत तरी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सोडू नका. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

राजारामपुरीतली

घरात समांतर दांड्या लावता आल्या तर बघा. आईला त्यांचा फार उपयोग झाला, मधे उभं राहून एका हाताचा आधार घेत एक एक पाऊल. पण फार दिवस त्यातच ठेवू नका, दांडी ओढत चालायची सवय लागते.

उद्यमनगर_लेथ

दांड्यांचं माझ्याकडं लागलं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी करून दिल्यात. दीड इंची जीआय पाइप, टोकं गोल करून घासून घ्यायची, खाली रबरी बूट. पायांना जोडणारी आडवी पट्टी आतून टाकायची नाही, बाहेरच्या अंगानं, नाहीतर आधीच अडकणारा चवडा तिथंच अडकेल. उंची कमी-जास्त करायला भोकं पाडून पिन देतो.

दोन मापं पाहिजेत. बाबांना सरळ उभं करून, हात खाली सोडून, मनगट जमिनीपासून किती उंचीवर येतं ते. आणि कमरेची रुंदी, त्यात मी दोन्हीकडं दोन-दोन इंच सोडतो. माप घेताना अनवाणी नको, गुरुवारी पट्टी मिळाली की ती आणि बूट घालूनच घ्या, इंचभराचा फरक पडतो. मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टर्नर माणसासाठी करायचंय, मजुरी घेणार नाही.